अठ्ठावीस दात

निदान झाल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर फोन घेणं बंद केलं.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. शेवगावात दातांचा दवाखाना टाकून सतरा वर्षं झाली होती. खाली खतांचं दुकान, वर मी. या सतरा वर्षांत फोन वाजला की दर वेळी मला पळून जावंसं वाटायचं आणि तरी मी "हॅलो" म्हणायचे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याचं बोलणं संपलं की तो नुसता दम खातोय ते कळत नाही. आम्ही दोघं एकदम बोलायला लागायचो आणि दोघं एकदम गप्प व्हायचो. फोन ठेवल्यावर खुर्चीतल्या पेशंटचा दात वरचा की खालचा, हे मला पुन्हा कागदात बघावं लागायचं. लोक म्हणत, म्याडमचा हात हलका आहे पण तोंड फटकळ. सासरी मी शिष्ट होते, शाळेत घुमी होते. लोकांनी दिलेली ही नावं मी मुकाट्यानं वापरत आले, कारण माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं.

ते मिळालं एका पेशंटच्या पिशवीतून. पुणतांब्याला दिलेली एक बाई माहेरी आली होती आणि तिची दाढ ठणकत होती. इंजेक्शन देऊन जबडा बधिर व्हायची वाट बघत असताना तिनं पिशवीतून आपल्या पाच वर्षांच्या मुलीची फाईल काढली आणि अर्धवट सुन्न तोंडानं विचारलं, "हे काय लिहिलंय, जरा वाचून सांगता का?" मी वाचायला लागले. कपड्यांच्या लेबलचा त्रास होतो. ठरलेला क्रम मोडला की कोसळते. डोळ्यांत बघून बोलत नाही. गोंगाटात कान झाकते. फाईल त्या पोरीची होती, पण कुणीतरी चाळीस वर्षं माझ्यावर पाळत ठेवून ती लिहिली असावी असं मला वाटलं. त्या दिवशी मी त्या बाईची दाढ काढली, पण तिला नीट समजावून काहीच सांगितलं नाही.

पुढे पुण्याला चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कागद मिळाला. ऑटिझम. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, आणि हा शब्द मला अजिबात आवडत नाही. स्वतःत मग्न वगैरे कुणी नसतं हो. उलट सगळं जग एकदम अंगावर येतं, ट्यूबलाइटच्या गुणगुणीपासून शेजारच्याच्या अत्तरापर्यंत, आणि माणूस दार लावून घेतो.

नवऱ्यानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस. लोक डॉक्टर बदलतील." तो कॉलेजात शिकवतो, वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच बोलत होता. मी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: फोन करू नये. मेसेज करावा किंवा समक्ष यावे.

त्या पाटीचा मला फार अभिमान वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची बाजू घेतली होती. लोकांनी आठ दिवस कुरकुर केली आणि मग दुखऱ्या दातांचे फोटो पाठवायला लागले. एका गृहस्थांनी दाढेच्या फोटोसोबत चुकून आपल्या विकायच्या म्हशीचाही फोटो पाठवला. दोन्हींचे दात बघून मी म्हशीचे चांगले आहेत असं कळवलं. गाद्या भरणारे एक म्हातारे चाचा तेवढे जिना चढून आले आणि म्हणाले, "म्याडम, मला लिवता येत न्हाई. दुखाया लागलं तर म्या काय करू?" मी म्हटलं, "तुम्ही सरळ या चाचा, तुम्हाला नंबर लावायची गरज नाही." ते हसले, बरं म्हणाले. माझ्या लेखी तो प्रश्न तिथं मिटला.

मग मी दवाखानाच बदलत गेले. ट्यूबा काढून साधे पिवळे दिवे लावले. कॉम्प्रेसरची धडधड आत यायची, तो मागच्या गच्चीवर हलवला. हात लावायच्या आधी सांगायचं, "आता गालाला बोट लावते." दुखणार असेल तर "दुखणार नाही" असं कधीच म्हणायचं नाही, "दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल" म्हणायचं, आणि दहालाच थांबायचं. गुरुवारी दुपारी बाकीचे पेशंट घ्यायचे नाहीत. ती वेळ अशांसाठी, ज्यांना दातांच्या खुर्चीपर्यंत कधी कुणी पोचू दिलेलं नसतं. मी कुठं जाहिरात केली नाही. तरी बातमी पसरली. पाथर्डीकडून, नेवाश्याकडून आया आपापली लेकरं घेऊन यायला लागल्या. त्यांना वाटायचं, या बाईकडे चिकाटी फार. चिकाटी कसली, मला जे हवं होतं आणि मिळालं नव्हतं ते मी त्यांना देत होते.

नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण नाही) दातांच्या डॉक्टरांची बैठक असते. भाषण करणं मला मेले तरी जमलं नसतं. म्हणून मी एका पानावर दहा ओळी लिहिल्या, अशा पेशंटला कसं तपासावं याच्या, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन प्रत्येक खुर्चीवर एक एक पान ठेवून आले. चहाच्या वेळी बघितलं तर निम्म्या लोकांनी त्यावर भजी घेतली होती. तेल उतरलेल्या कागदातून माझी अक्षरं आरपार दिसत होती. मला रडू आलं आणि स्वतःचाच राग आला. तरी पुढच्या बैठकीला मी पुन्हा पानं ठेवली, फक्त चहाच्या नंतर.

एवढं सगळं सांगायचं कारण ती मुलगी. ती येण्याआधी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, एका कागदानं माझं आयुष्य मार्गी लावलं.

पहिल्यांदा तिची आई एकटीच आली. पैठणच्या रस्त्याला असलेल्या एका गावात ती शाळेची खिचडी शिजवायची. नवरा साखर कारखान्यावर, हंगामात घरी कमीच. दारातून "जय भीम म्याडम" म्हणाली, आणि बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात एकोणीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती आणि स्वतःच्या जबड्यावर मूठ मारत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. कामाला लागल्यासारखी मारत होती.

"दोन वरीस झालं," आई म्हणाली. "बोलत तर ती जल्मापासनं न्हाई. पन असं न्हवतं करत. गावातले म्हनत्यात बाहेरचं हाय. गोळ्या बी दिल्या सरकारी दवाखान्यात. दिल्या की निस्ती पडून ऱ्हाती."

मी आवाज बंद करून तो व्हिडिओ तीनदा बघितला. मूठ दर वेळी उजव्या जबड्यावर, मागच्या बाजूला, एकाच जागी पडत होती. नुसत्या वेडापायी मारत असती तर कुठंही मारलं असतं.

"हिची दाढ दुखतेय," मी म्हटलं.

ती बाई खाली फरशीवरच बसली. "दाढ?" म्हणाली. "दोन वरीस निस्ती दाढ?" आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला आजही कळत नाही. हाताशी कापसाचा बोळा होता, तो मी तिला दिला.

पुढचे पाच महिने गुरुवार त्यांचे होते. पहिल्या गुरुवारी मुलगी रिक्षातून उतरलीच नाही. मीच खाली जाऊन रिक्षाशेजारी पंधरा मिनिटं उभी राहिले. दुसऱ्या गुरुवारी ती जिन्यापर्यंत आली. मग खुर्चीपर्यंत. खुर्ची वरखाली होते हे कळल्यावर तिला तो खेळच झाला, आणि मीही बटण दाबत बसले. तपासायचा छोटा आरसा तिच्याच हातात दिला. त्यात दिव्याचा उजेड पकडून ती छतावर फिरवायची. माझ्याकडे कधी बघायची नाही, आणि तिनं बघावं असं मलाही वाटायचं नाही. आम्ही दोघी त्या उजेडाकडे बघायचो. माणसांच्या सहवासात मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

ती मऊ काही खायची नाही. वाळवून कडक केलेली बाजरीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, यावर ती जगत होती. तोंडात कुडुम असा आवाज झाला पाहिजे. भात, दूध, केळं पुढे केलं तर ताट उडवून द्यायची. आई एकदा म्हणाली, "शाळेतल्या समद्या लेकरांची खिचडी मी शिजिवती, अन् माझं लेकरू तिचा घास घेत न्हाई."

"मलाही खाववत नाही," मी म्हटलं. "मऊ काही जिभेवर आलं की ओकारी येते."

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि का कोण जाणे, नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगून टाकलं. "मी हिच्यासारखीच आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तसा कागद दिलाय."

ती बाई आधी भिंतीवरच्या माझ्या डिगरीकडे बघत राहिली, मग मुलीकडे. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मलासुद्धा वाचता आलं, आणि मला चेहरे वाचता येत नाहीत. "मंग ही बी बोलंल का कवातरी?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. मी पाच वर्षांची असताना अख्खं पाठ्यपुस्तक घडाघडा म्हणून दाखवायचे. ही एकोणीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. आम्हा दोघींना एकच शब्द लागू पडत असला म्हणून आम्ही एक होत नव्हतो. पण मी म्हणाले, "सांगता येत नाही." त्या दिवसापासून ती मला सगळं विचारायला लागली. केस कापू देत नाही, काय करू? पाळीचं कापड लावून घेत नाही, काय करू? पाहुणे आले की घराबाहेर पळते, बांधून ठेवावं म्हणतात, ठेवू का? मी उत्तरं द्यायचे. निम्मी उत्तरं माझ्याबद्दलची होती, तिच्या मुलीबद्दलची नव्हती. काही लागू पडली, काही नाही पडली. पण माझ्या त्या घडी घालून ठेवलेल्या कागदाला पहिल्यांदाच कुणी किंमत दिली होती, आणि मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

पाचव्या महिन्यात तिनं तोंड उघडलं. पुरतं, दहा आकडे मोजेपर्यंत. मी मोजले. अठ्ठावीस दात. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा आणि डावीकडची एक, अशा तीन संपल्या होत्या. चार भरून वाचण्यासारख्या होत्या. बाकीचे मजबूत, शेंगा फोडणारे दात. एवढं दुखत असताना ही मुलगी डाव्या दाढांवर कडक भाकरी चावत होती.

जागेपणी एवढं काम होणं शक्य नव्हतं. पूर्ण भूल द्यावी लागणार होती आणि त्यासाठी नगरचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या सर्जनना मी दोन पानी पत्र लिहिलं. कोणते तीन दात काढायचे त्यांचे क्रमांक, कोणते चार भरायचे त्यांचे क्रमांक. बाकीच्यांना हात लावू नये. ती फक्त कडक अन्न खाते, त्यामुळं शक्य तितके दात राहणं तिच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे. शुद्धीवर येताना खोलीत अंधार असावा, हात बांधू नयेत. खाली माझा नंबर. पत्र मी चार वेळा उतरवून काढलं, इतकं ते मला महत्त्वाचं होतं.

मी स्वतः जायला हवं होतं. आई म्हणालीही होती, "तुमी आलात तर बरं हुईल." पण त्या हॉस्पिटलचे पांढरे दिवे, ते स्पीकरवरून नावं पुकारणं, त्या औषधांच्या वासाच्या गॅलऱ्या, तिथून आल्यावर मला दोन दिवस अंथरुणावरून उठता येत नाही. आणि आता माझ्याकडे कागद होता. आपल्याला झेपत नाही ते करायचं नाही, असं मला पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "पत्रात सगळं आहे," मी तिला म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अकरा ते बाराच्या मधे माझा मोबाईल तीन वेळा वाजला. अनोळखी नंबर. माझ्यासमोर कुणी पेशंट नव्हता. मदतनीस बाई सुट्टीवर होत्या. मी टेबलापाशी बसले होते आणि फोन टेबलावर थरथरत हळूहळू कडेला सरकत होता. मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, नक्की सांगता येत नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी तो थांबायची वाट बघितली. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कानांवर हात ठेवले. तिसऱ्यांदा वाजून थांबल्यावर नेहमीचा मेसेज पाठवला: कृपया फोन करू नये, मेसेज करावा. मेसेज पोचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. हातमोजे घातलेला माणूस मेसेज लिहीत नाही. हे मला, हातमोज्यांत आयुष्य काढलेल्या बाईला, सुचायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी त्या दोघी आल्या. मुलीचा चेहरा मी ओळखला नाही. गाल आत गेले होते, हनुवटी वर आली होती. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यावर म्हातारीचं तोंड बसवल्यासारखं दिसत होतं. ती सवयीनं खुर्चीत जाऊन बसली, आरसा हातात घेतला आणि मोजायच्या आधीच तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

मी सर्जनना लिहिलं. खूप कडक लिहिलं. त्यांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, सभ्य आणि सविस्तर. भुलीखाली एक्स-रे काढल्यावर आणखी नऊ दातांच्या फटींत कीड दिसली, जी माझ्या आरशाला दिसणं शक्य नव्हतं. ते भरायचे तर दोन तास जादा किंवा पुन्हा एकदा भूल. भूलतज्ज्ञ तयार नव्हते. रोज दात घासून घेत नाही अशा मुलीचे उरलेले दातही पाचेक वर्षांत जाणार आणि हे सगळं पुन्हा करावं लागणार, असा त्यांचा हिशेब. नातेवाइकांची सही घेऊन सगळे काढले. शेवटची ओळ अशी होती: निर्णयाआधी आपल्याशी बोलावे म्हणून मी आपल्याला तीन वेळा फोन केला होता.

त्या माणसाचा मला राग राग करायचा होता आणि तो त्यानं मला करू दिला नाही. मी फोन उचलला असता तर एक मिनिट लागलं असतं. "पुढचे ठेवा, दोन तास लागू द्या, नाहीतर आज फक्त तीन काढा आणि शिवा." एवढंच बोलायचं होतं. नीट, अडखळत, कसंही.

गावात मात्र माझं नाव झालं. मुलीनं जबड्यावर मूठ मारायचं थांबवलं होतं. दोन वर्षांत कुणाला जमलं नाही ते शेवगावच्या म्याडमनी केलं, असं लोक म्हणायला लागले. कुणाकुणाच्या आया मेसेज करून विचारायच्या, आमच्याही लेकराचे असे सगळे एकदम काढून मिळतील का? तो मेसेज पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला.

आणि मुलगी जेवेना. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, हिरड्यांनी दाबायची, आवाज होत नाही म्हटल्यावर बाहेर काढून बघायची. तो तोपर्यंत ओला होऊन मऊ झालेला असायचा, मग फेकून द्यायची. शेंगदाणा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवायची आणि तसाच सबंध काढून आईच्या हातावर ठेवायची. आईनं कूट करून दिलं, तिनं ते थुंकलं. दूध थुंकलं, पेज थुंकली. शेवटी तळलेले पापड आणि कुरडया तेवढ्या चालायला लागल्या, त्या हिरड्यांवर मोडतात. पापड खाऊन माणूस किती दिवस जगणार?

मी कवळी करायला घेतली. आठ गुरुवार गेले नुसती मापं घ्यायला. लगदा तोंडात धरून बसणं माझ्याच्यानं झालं नसतं, ते तिनं केलं. का केलं कुणास ठाऊक. कवळी तयार झाली, चांगली झाली होती. तिनं ती तोंडात घालू दिली, मी दहा आकडे मोजले, दहा झाल्यावर तिनं ती काढली आणि ट्रेमध्ये ठेवली, बाकीची हत्यारं ठेवते तशी नीट ओळीनं. दर गुरुवारी असंच. अकरावा आकडा तिनं मला कधी मोजू दिला नाही. याचं कारण मीच तिला शिकवलेला नियम आहे हे मला ठाऊक होतं, आणि तो तिला कसा मोडायला लावायचा ते ठाऊक नव्हतं.

पाटी मी काढून टाकली. आता सगळे फोन घेते. कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरींचेही पूर्ण ऐकून घेते. पळून जावंसं वाटतंच, त्यात काही फरक पडलेला नाही, आणि यानं त्या मुलीला एक दातही परत मिळालेला नाही. बैठकीत पानं ठेवायचं बंद केलं. गुरुवार बंद केला नाही. पण पूर्वी दुसऱ्याच्या लेकरासाठी दिवा मंद करताना मला जे वाटायचं ते आता वाटत नाही. मला माझं नाव मिळालं, त्याचा मी दरवाजा करून घेतला, आणि आतून कडी लावली. बाहेर ती मुलगी होती. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू स्वतःला फार दोष देतेस." तो पुन्हा माझ्या भल्याचंच बोलत होता.

तिच्या आईला मात्र मी सांगितलं नव्हतं. तो फोन, ते तीनदा वाजणं, यातलं काहीच नाही. दर गुरुवारी ती जिना चढून यायची, "जय भीम म्याडम" म्हणायची, घरून आणलेला पापडांचा डबा उघडायची. दर गुरुवारी मी ठरवायचे, आज सांगू. तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मला तो अंगावर वागवणं असह्य झालं होतं. तरी तिनं येणं थांबवलं तर? या भीतीनं मी वजन करायचे, हिरड्या बघायचे आणि पुढची वेळ लिहून द्यायचे.

सात महिन्यांनी सांगितलं. मुलगी खिडकीपाशी बसली होती. वजनकाट्यानं त्या दिवशी आणखी दीड किलो कमी दाखवलं होतं. मनगटाची हाडं वर आली होती. मी हातमोजे काढले आणि तिच्या आईसमोर स्टुलावर बसले. तिला सांगायची वाक्यं आठवडाभर पाठ केली होती, ती सगळी विसरले.

"त्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांचा मला फोन आला होता," मी म्हटलं. "मी उचलला नाही."

ती डब्याचं झाकण लावत होती. तिनं ते लावलं, दाबून नीट बसलं का बघितलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी थितंच हुते की. तेनी मला इचारलं, समदे काढायचे का. मला काय कळतंय? मी म्हनले, आमच्या म्याडमला इचारा. त्या माज्या लेकीवानीच हायेत, हिचं समदं त्यांना कळतं. त्या सांगत्याल तसं करा." ती मुलीकडे बघत होती. "नर्सबाईनं तेंच्या कानाला फोन धरला. तीनदा लावला. मंग तेनी कागद फुडं केला, मी सही केली."

"सात महिने तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, हिला बी न्हाई सोसत आवाज. तुमी बी कानावर हात ठिवून बसल्या असताल."

यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, तिच्या आवाजात, चेहऱ्यावर, मला शोधता येतो तितका. असता तर बरं झालं असतं. ती मला समजून घेत होती, मुलीला समजून घेते तसं, आणि जगात मला तेवढं नेमकं दुसऱ्या कुणी समजून घेतलेलं नाही.

"मग तुम्ही येता कशाला माझ्याकडे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की," ती म्हणाली. "लई येतो. घरी येतो, खिचडी ढवळताना येतो."

तिनं डबा पिशवीत ठेवला, मुलीच्या चपला सरळ करून तिच्या पायापुढे मांडल्या.

"पन दुसरीकडं कुटं नेऊ हिला, म्याडम? तुमीच सांगा."

मी सगळा जिल्हा मनातल्या मनात फिरून आले. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, नगर. तिला सांगण्यासारखं एक ठिकाण मला सुचलं नाही. ती मुलीचा दंड धरून जिना उतरायला लागली.